झाडाचं दुखणं

आमच्या घरात सुतारकी पिढ्यान्‌पिढ्या. आप्पा नांगर, तिफण, बैलगाडीची चाकं करायचे. त्या कामाला सरळ रेषांचं लाकूड लागतं. खोडाला कुठं आवाळू आलेलं असलं, की तेवढा तुकडा आप्पा बाजूला टाकायचे. त्या गाठीत रेषा कुठूनही कुठंही वळतात, कुऱ्हाडीनं ती फुटत नाही. म्हणजे चुलीलासुद्धा जड.

मी लेथवर काम शिकलो आणि गाठीची किंमत उलटी झाली. वाऱ्यात पडलेल्या एका शिसवाची गाठ लेथला लावली. पटाशी टेकली तसे आतून डोळ्यांसारखे ठिपके उमटत गेले. त्यातले कितीतरी म्हणजे कधी न फुटलेले कोंब. ओला वाडगा मी जाडच ठेवला, दहा इंचाला इंचभर. सावलीत काही महिने वाळला, वाकडा झाला, मग पुन्हा लेथवर चढवून पातळ केला. शहरातल्या गिऱ्हाइकानं हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. "अजून असतील तर कळवा," म्हणाला.

आमच्या बांधावर जुनी बाभळ होती. तिच्या अंगावर घागरीएवढी गाठ. लेकीची कॉलेजची फी भरायची होती.

आप्पा म्हणाले, "आरं, ते झाडाचं दुखणं हाये. पडल्यावर घे की."

मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही बघाच. ओझं उतरलं की झाड मोकळं होईल."

हे मी आप्पांना सांगत होतो की स्वतःला, कोण जाणे. गाठ घेऊन ती बाभळ कितीतरी वर्षं सुखानं उभी होती. तिला दुखणं लागलं ते माझ्या करवतीनं. उघड्या जखमेत पाणी मुरलं, बुरशी धरली, किडा शिरला. तिसऱ्या पावसाळ्यात ती आडवी झाली. तोवर वाडगा विकला गेला होता, फी भरली होती. लेक शिकली, त्याचं मला वाईट कसं वाटेल? पण बांधावरची सावली गेली ती गेलीच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांना तूप-हळद लावून चोळायचं. ती सूज बघून "काय देखणी आहे" असं कुणी म्हणत नाही. मग झाडाच्या सुजेला मी देखणं का म्हणालो? सोसलेल्यातून रूप येतं, हे खरं. माणसाचंही तसंच. पण ते रूप बघायचा हक्क म्हणजे कापून न्यायचा हक्क नव्हे.

आजही मी गाठीचे वाडगे करतो, पण पडलेल्या झाडाचेच. उभ्या झाडावर गाठ दिसली, तर जवळ जातो, हात फिरवतो आणि परत येतो. गिऱ्हाइकाला सांगतो, "थांबावं लागेल."

काही जण थांबतात.