जातिवंत



माझा मामा मोतद्दार आहे. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर तीस वर्षं तो घोड्यांची लीद काढतोय, खरारा करतोय, दाणा-वैरण करतोय. मी चाकणच्या एका रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते विहारातल्या कपाटातलं, शिफ्ट सुटल्यावर. तेव्हा या लेखात पंडिती शोधू नका. मला एक प्रश्न पडलाय, तो तुमच्यापुढं टाकतो.

धाकट्या बहिणीला कॉलेजात प्रवेश पाहिजे होता. त्यासाठी जात पडताळणी. त्यासाठी वंशावळ, आणि १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा. आज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तर दाखला कुठला? शेवटी तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढली. त्यात पणज्याचं नाव, नावापुढं जात, आणि पुढं एवढंच की मुलगा झाला. मुलाचं नाव नाही. ज्या बाईनं तो जन्माला घातला तिचंही नाव नाही. कचेरीतला माणूस म्हणाला, "हा मुलगा म्हणजे तुमचाच आजा कशावरून?" तीन खाडे झाले, तीन दिवसांचा पगार गेला.

मामा त्या दिवशी घरी होता. फाईल बघून हसला. म्हणाला, "आमच्या घोड्याच्या कागदाला एवढी पायपीट न्हाई." आणि फार्मवरच्या बीजाच्या घोड्याची कुळी त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, सगळी विंग्रजी नावं, न अडखळता. मी विचारलं, "मामा, तुझ्या आज्याच्या बापाचं नाव काय?" मामा गप्प झाला. मग म्हणाला, "आरं, ते कुणी सांगितलंच न्हाई."

त्या रात्रीपासून डोक्यात हाच भुंगा. जिवाची किंमत येते कुठून?

आधी घोड्याचं सांगतो. शर्यतीचा जो घोडा असतो त्याला थरोब्रेड म्हणतात. आपल्या मराठीत जातिवंत. शब्द बघा. तारीफ करायची तरी जात पाहिजेच. जातिवंत घोडा, जातिवंत कलावंत, खाण तशी माती. आपण हे शब्द तोंडात घोळवतो आणि आपल्याच गळ्याला फास लावतो.

तर जगातले सगळे थरोब्रेड बापाच्या बाजूनं तीन घोड्यांपाशी जाऊन थांबतात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. तिघंही सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्या शतकाच्या सुरवातीला पूर्वेकडनं इंग्लंडात आणलेले. १७९१ साली तिथं जनरल स्टड बुक नावाची वही सुरू झाली, ती अजून चालू आहे. आपल्याकडची अशी वही पुण्यातूनच चालते. वहीत आई-बाप नसतील तर घोडा वाऱ्यासारखा पळो, तो जातिवंत नाही. गाई-म्हशींना नळीनं रेतन चालतं, इथं ते बंद. घोडी घोड्यापर्यंत न्यायचीच. जुन्या पानांवर कैक घोड्यांना स्वतःचं नाव नाही, नुसतं 'अमक्याची घोडी'. कोतवाल बुकातल्या माझ्या पणजीसारखंच.

बीजाच्या घोड्याचा भाव त्याच्या पोरांवर ठरतो. पोरं शर्यती जिंकली की बापाची फी चढते. नॉर्दर्न डान्सर नावाचा घोडा १९६१ साली कॅनडात जन्मला. अंगानं बुटका. शिंगरू असताना मालकानं २५ हजार डॉलरला विकायला काढला, कुणी घेतला नाही. तोच १९६४ साली केंटकी डर्बी जिंकला. १९८० नंतरच्या काळात त्याच्याकडं एक घोडी लावायची फी दहा लाख डॉलरपर्यंत गेली. त्याचा पोरगा सॅडलर्स वेल्स, त्याचा गॅलिलिओ, त्याचा फ्रँकेल. फ्रँकेल १४ शर्यती पळाला आणि १४ जिंकला.

म्हणजे रक्तात काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून चळवळ चालत नाही. छाती, फुप्फुस, पायाची ठेवण बापाकडनं येते, आईकडनंही येते. पण पुढं ऐका. याच नॉर्दर्न डान्सरचं एक शिंगरू १९८३ साली एक कोटी दोन लाख डॉलरला विकलं गेलं. नाव स्नाफी डान्सर. ते एकही शर्यत पळालं नाही. बीजाला ठेवलं तर तिथंही जवळजवळ वांझ. दुसरा पोरगा रझीन. १९९० च्या एप्सम डर्बीत सगळ्यांचा पैसा त्याच्यावर, आणि तो पार मागं पडला. त्याला हिंदुस्थानात आणला, तर इथं त्याच्या पोरांनी मैदानं मारली. कैक वर्षं बीजाच्या घोड्यांत त्याचा नंबर पहिला. बाप एकच. २००६ साली द ग्रीन मंकी नावाचा घोडा एक कोटी साठ लाख डॉलरला गेला. तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही.

घोडेवाल्यांना हे ठाऊक आहे. म्हणून ते वही ठेवतात, पण शेवटचा शब्द मैदानाचा. बापाची पोरं हरायला लागली की बापाची फी खाली येते. आणि आपल्याकडची वही? तिच्यात कुणाला कधी पळायला लावलं? दोन हजार वर्षं एकानं दुसऱ्याचे पाय बांधले आणि एकटाच मैदानात पळून म्हणाला, मी पहिला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त हेच तपासलं. जात म्हणजे वंशशुद्धीचं शास्त्र, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं की जात वंश वेगळे करत नाही. एकाच वंशाच्या माणसांत ती भिंती घालते. त्याच्याही कितीतरी आधी बुद्धानं वासेट्ठ सुत्तात हे सांगितलं. गवतात, झाडांत, पाखरांत, चार पायांच्या जनावरांत जन्माच्या खुणा वेगवेगळ्या असतात, माणसामाणसांत तशी खूण नसते. म्हणजे घोड्याची वही माणसाला लावणं हीच पहिली लबाडी.

अजून एक गंमत. शर्यतीत हँडिकॅप नावाचा प्रकार असतो. जो घोडा आधी जास्त जिंकलाय त्याच्या खोगिरात शिशाचं वजन घालतात. कमजोर घोड्याला कमी वजन. का? तर चुरस व्हावी. डर्बीतसुद्धा घोडीला वजनात सूट असते. आपल्याकडची पहिली इंडियन डर्बी १९४३ साली मुंबईत झाली. ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली. ग्यानबाची मेख इथं आहे. घोड्याला सूट दिली तर तो खेळ, माणसाला सवलत दिली तर गुणवत्तेचा खून. महालक्ष्मीच्या स्टँडात टाळ्या वाजवणारी माणसं घरी येऊन आरक्षणावर तोंड सोडतात, तेव्हा त्यांना एवढंच विचारा, तुमच्या खोगिरात किती किलो शिसं आहे?

इथवर सगळे माना डोलवतील. विहारात मी हे बोललो तेव्हा टाळ्याही पडल्या. पण घरी येताना मला माझीच लाज वाटली. मी काय म्हणत होतो? आम्हाला मैदानात सोडा, आम्ही जिंकून दाखवतो. आणि जो जिंकणार नाही त्याचं काय? माझ्या लाईनवरचा एक पोरगा, लातूरकडचा, बारा तास उभा राहतो. तो कधीच कुठं पहिला येणार नाही. मामा कधी पहिला आला नाही. आम्ही जन्माची वही फाडली आणि निकालाची वही उघडली, तर मामाचं नाव दोन्हीत नाही.

हरलेल्या घोड्याचं काय होतं तेही बघा. पुण्यात सोली पूनावाला यांनी १९४६ साली स्टड फार्म काढलं. तिथले बाद झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. त्यांच्या रक्तापासून सिरम बनायचं. त्यातूनच सायरस पूनावाला यांना वाटलं की हे आपणच का करू नये, आणि १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सुरवात धनुर्वाताच्या सिरमपासून. आपल्या पिंपरीतही हाफकिन महामंडळाचा तबेला आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडं थोडं करून घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याच्यावर उतारा तयार होतो. ते रक्त काढतात आणि त्यातून साप चावल्यावरचं औषध होतं.

मघाशी सांगितला तो लातूरकडचा पोरगा म्हाळुंग्याला खोलीवर राहतो. खोल्या दहा, संडास एक. रात्री शेतात गेला आणि घोणस चावली. सरकारी दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या औषध गेलं, पोरगा वाचला. त्याला वाचवणारा घोडा कुणाचा पोरगा होता? जिंकला होता की हरला होता? बाटलीवर त्याची कुळी लिहिलेली नव्हती.

मला वाटलं, उत्तर मिळालं. किंमत जन्मात नाही, जिंकण्यात नाही, कामाला येण्यात आहे. मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "त्या घोड्याला कुणी इचारलं व्हतं का, रगत देतूस का म्हणून?"

मामाला फार्मवर एकदा लाथ बसली आणि हात मोडला. तेव्हा तो कामाचा नव्हता. दोन महिने पगार नाही. त्याच आठवड्यात एका घोड्याचं पोट दुखलं तर मध्यरात्री डॉक्टर मोटारीतून आला. कामाला येण्यावर किंमत ठरली की असं होतं. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढली, गाव झाडलं. आपल्यासारखं कामाला आलेलं दुसरं कोण होतं? किंमत मिळाली का? आजही सफाई कामगाराच्या पोराला लाड-पागे समितीच्या शिफारशीनं बापाच्या जागी नोकरी मिळते. ती सोडा असं मी म्हणणार नाही; पोट आहे, कायम नोकरी आहे, ठेक्यावरच्या माणसाला तिची किंमत विचारा. पण बापाच्या हातचा झाडू पोराच्या हातात कागदोपत्री येतो, ही कुठली वही आहे याचा विचार नको का?

आणि आता आपलं घर. अमका कार्यकर्ता कोण, तर तमक्या पुढाऱ्याचा मुलगा, 'रक्तातच चळवळ आहे.' स्टेजवर खुर्ची त्याला, सतरंज्या आपण उचलायच्या. लग्न जमवताना धम्म एक, पण पोटजात हळूच कानात विचारायची. पोरगं परदेशी शिकायला गेलं तर वस्तीत फ्लेक्स. बारावीला नापास झालेल्या पोराशी कोण बोलतं? आपणही वह्या ठेवायला शिकलोय. एका खिशात जन्माची, दुसऱ्यात निकालाची.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणात एका माणसाला एक मत, एक किंमत असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात आपण एका माणसाला एक किंमत नाकारत राहू. मी पूर्वी याचा अर्थ घ्यायचो की आमची किंमत तुमच्याएवढी वाढवा. आता वाटतं, ते त्याहून अवघड काहीतरी सांगत होते. एक किंमत म्हणजे जी वाढत नाही आणि उतरतही नाही. चांगलं वागणाऱ्याला मान द्या, शहाण्याचं ऐका, पळणाऱ्याचं कौतुक करा. पण भाकरी, पाणी, पुस्तक, दवाखाना आणि बसायला जागा, हे त्या मानावर टांगू नका. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर जी माणसं गेली, त्यांनी पाणी पिण्याआधी कुठली शर्यत जिंकली नव्हती.

मामाच्या फार्मवरचा तो बीजाचा घोडा आता म्हातारा झालाय. त्याची शेवटची पोरं चालली नाहीत. घोड्या येत नाहीत. मागच्या बाजूच्या खोपटात बांधलाय. मामाची ड्यूटी आता दुसऱ्या घोड्यावर लागली, तरी रोज संध्याकाळी बादली घेऊन तो तिकडं जातो.

मी विचारलं, "मामा, आता त्याची पोरं जिंकत न्हाईत, त्याचा काही उपयोग न्हाई. तू कशापायी जातोस?"

मामानं माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळा.

"त्याला तहान लागती की," म्हणाला.

जय भीम.