वेळेवरच्या नकारातील सचोटी

यवतमाळ जिल्ह्यात लग्नाचा हिशेब कापसाच्या हिशेबावर बेतलेला असतो. पोळ्याच्या सुमारास कपाशी पात्याफुलांनी लगडलेली दिसते, मुलीचे स्थळ जमलेले असते, आणि आंदणात द्यावयाचे सागवानी कपाट व दिवाण बाप दारव्ह्याच्या, पुसदच्या किंवा पांढरकवड्याच्या दुकानात सांगून येतो. थोडा इसार रोख देतो, आणि सीतादहीची पूजा करून वेचणी लागली व पहिला कापूस बाजारात गेला की उरलेली रक्कम चुकती करीन, अशी कबुली देतो. या कबुलीत कपट तिळमात्र नसते. परंतु 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरून टाकली. 2023 च्या जुलैत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला जाऊन माणसांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. आणि अशा वर्षी ज्या उत्पन्नाच्या भरवशावर शब्द दिला, ते उत्पन्न डोळ्यांदेखत नाहीसे होते, शब्द मात्र तसाच उभा राहतो. अशा माणसाने काय करावे?

दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, हे आपल्या समाजाचे रूढ उत्तर आहे, आणि ते उदात्त असल्यामुळेच त्यातील दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शेतकरी दुकानदाराच्या समोर जाण्याचे टाळतो. चार लोकांत पत जाईल, व्याही मंडळी काय म्हणतील, या धास्तीने महिना लोटू देतो. आणि अखेरीस कपाट दारात येऊन उतरते तेव्हा ते ठेवून घेतो, सावकाराकडून रक्कम उचलतो, अथवा दुकानदाराचीच बाकी वर्षानुवर्षे थकवीत राहतो. लोक म्हणतात, गड्याने शब्द राखला. माझ्या मते त्या क्षणी त्याने शब्द मोडलेला असतो. उधारीच्या सौद्यात गिऱ्हाईक जे वचन देते ते किंमत चुकती करण्याचे असते; आणि ती चुकती होणार नाही हे पक्के ठाऊक असताना जो जिन्नस घरात घेतो, तो दुसऱ्याचे लाकूड, दुसऱ्याची मजुरी आणि दुसऱ्याचा विश्वास परतफेडीची शाश्वती नसताना पदरात पाडून घेतो. वेळेवर सौदा मोडणारा मनुष्य विक्रेत्यास निराश करतो, एवढे खरे. परंतु त्याचे लाकूड त्याच्याजवळ राहू देतो.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना परका नव्हता. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांमध्ये क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी वा विक्री केल्यानंतर झालेला पश्चात्ताप, यास स्वतंत्र स्थान असून, अशा पश्चात्तापी माणसास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याची अथवा परत घेण्याची मुभा दिलेली आहे. नारदस्मृतीचा हिशेब अधिक बारीक आहे: त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केली तर खरेदीदारास काही गमवावे लागत नाही, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू त्याच्याच गळ्यात राहते. कौटिल्याने पश्चात्तापासाठी व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन आणि गोपालकास पाच अशी मुदत नेमून दिली, आणि घेतलेला माल न उचलणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला. मला या तपशिलांत दोन गोष्टी दिसतात. मन बदलणे, परिस्थिती बदलणे, हा अपराध आहे असे या शास्त्रकारांनी मानले नाही; परंतु गप्प राहण्यात गेलेला प्रत्येक दिवस समोरच्या पक्षाच्या खिशातून जातो, हे मात्र त्यांनी काटेकोरपणे मोजले. आणि रोज बाजारात वावरणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा, बाजार क्वचित पाहणाऱ्या शेतकऱ्यास विचाराला अधिक अवधी लागतो, हेही त्यांनी ओळखले.

म्हणून ज्या दिवशी बोंडे फोडून पाहिली आणि अळी दिसली, त्याच आठवड्यात दुकानाची पायरी चढणे हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य ठरते. दुकानात तयार उभे असलेले कपाट लग्नसराईच्या आधी परत मिळाले तर ते दुसऱ्या घरी जाण्यास विलंब लागत नाही. मात्र खोलीच्या मापाने कापलेला दिवाण, लिलावात घेतलेले सागवान एकदा करवतीखाली गेल्यावर, दुसऱ्या कोणाच्या खोलीत बसेलच असे नाही, आणि ते नुकसान सुताराने मुकाट्याने सोसावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हातातली पटाशी खाली ठेवून जो सुतार आपले म्हणणे ऐकून घेतो, त्याच्या घरीही चूल आहे आणि त्याच्या कारागिरांचा आठवड्याचा पगार कोणत्याही अळीसाठी थांबत नाही.

तथापि विक्रेत्याचा हक्क त्याच्या खऱ्या नुकसानीपाशी संपतो. इसार मुळीच परत मिळणार नाही, असे पावतीवर छापून ठेवण्याची चाल सर्वत्र आढळते, आणि गरीब गिऱ्हाईक ती ब्रह्मवाक्याप्रमाणे स्वीकारते. 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम असे सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळेल. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलास नाथ असोसिएट्सच्या खटल्यात, नुकसानच झाले नसेल तर भरपाईही नाही, असे स्पष्ट केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही, नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लादणारा करार अनुचित ठरविला आहे. दुसऱ्या बाजूने, पीक बुडाले म्हणून करार आपोआप रद्द होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. करार कायद्याच्या 56 व्या कलमातील अशक्यता निराळी असते, आणि केवळ पैशाची अडचण तिच्यात मोडत नाही. याचा अर्थ असा की, अशा शेतकऱ्यास न्याय मिळावयाचा तो पुष्कळ अंशी दुकानदाराच्या विवेकाकडूनच.

त्यातच अलीकडे या दोघांच्या मध्ये तिसरा पक्ष येऊन बसला आहे. दुकानातच मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की वित्तसंस्था दुकानदाराला पूर्ण रक्कम देऊन टाकते, आणि गिऱ्हाइकाचे देणे दुकानदाराकडून उठून त्या संस्थेकडे जाते. येथे कपाट परत केल्याने कर्ज आपोआप मिटत नाही. सौदा रद्द केल्याचे गिऱ्हाइकाने दुकानदाराकडून लेखी घ्यावे, दुकानदाराने रक्कम वित्तसंस्थेस परत पाठवावी, आणि खाते बंद झाल्याचा दाखला पदरात पडेपर्यंत गिऱ्हाइकाने पाठपुरावा सोडू नये. नाहीतर कपाट नाही आणि हप्ता मात्र चालू, अशी विलक्षण दुर्दशा ओढवते. बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिरातींविषयी रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. तिच्या 2025 च्या निर्देशांनी डिजिटल कर्जातून माघार घेण्यास किमान एका दिवसाची मुदत सक्तीची केली. या मुदतीत, घेतलेले मुद्दल आणि त्या काळापुरते व्याज भरून मनुष्य दंडाशिवाय मोकळा होऊ शकतो. कौटिल्याच्या शेतकऱ्यास तीन रात्री मिळत होत्या, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. हप्त्याने वस्तू घेणाऱ्यास ती परत करून करार संपविण्याचा हक्क देणारा भाडेखरेदीचा कायदा संसदेने 1972 मध्ये संमतही केला होता. परंतु तो अमलात न येताच 2005 मध्ये रद्द करण्यात आला.

कायद्याने सोडलेली ही जागा यवतमाळचे व्यापारी आपल्या हाताने भरू शकतात, आणि त्यासाठी कोणत्याही कचेरीच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पावतीच्या पाठीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, चार ओळी छापाव्यात: तयार मालाचा सौदा किती दिवसांत रद्द करता येईल, लाकूड कापल्यानंतर इसारातून किती रक्कम वजा होईल, उरलेली कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल, आणि कर्ज काढले असल्यास वित्तसंस्थेस कोण कळवील. आणि इसार घेताना त्या ओळी गिऱ्हाइकास वाचून दाखवाव्यात, कारण त्या वेळी कपाशी फुलावर असते आणि दोन्ही बाजूंची मने स्वस्थ असतात.