निर्धोक, पण कोणाला?

महामारीच्या दिवसांत ज्याला परदेशी जाणे वा तेथून परतणे चुकत नाही, तो माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की कोणता प्रवास अधिक निर्धोक? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे व्यावहारिक उत्तरही फारसे अवघड नाही. वाटेत विमान बदलावे न लागेल तर उत्तम. मुखपट्टी आणि लस यांत कुचराई नसावी. आणि जाणे लांबणीवर टाकता येत असेल तर ते टाकणे सर्वांत शहाणपणाचे. परंतु या प्रश्नात एक शब्द नेहमी अध्याहृतच राहतो. निर्धोक खरा, पण कोणाला?

प्रवासी स्वतःला संकटात सापडलेला समजतो. शेजारच्या आसनावरील गृहस्थाच्या दृष्टीने तोच संकट असू शकतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. करोनाचा संसर्ग लक्षणे दिसण्यापूर्वीही दुसऱ्याला होऊ शकतो. विमानतळावरील यंत्र अंगाची उष्णता मोजते. गोळी घेऊन उतरविलेला ताप त्याला कळत नाही. चाचणीचा दाखला नमुना घेतला त्या घटकेपुरताच बोलतो. मग उरते काय? प्रवाशाने सही केलेले स्वयंघोषणापत्र.

भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक मार्च २०२० मध्ये थांबली, ती २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात खास विमानांनी लोक परतत होते. त्यांच्यासाठी मे २०२० च्या अखेरीस चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा नियम झाला: सात दिवस स्वखर्चाने नेमल्या जागी, सात दिवस घरी. गरोदरपण, घरातील मृत्यू, गंभीर आजार, सोबत दहा वर्षांखालील मूल, अशा कारणांसाठी सर्व दिवस घरी काढण्याची सवलत देता येई. नियमात दया होती. तिचा निर्वाह मात्र बव्हंशी मागणाऱ्याच्या सचोटीवर होता. खोटे कारण सांगणाऱ्याला वाटते, आपण सरकारला चकविले. वस्तुतः तो धोक्यात घालतो दाराशी वाट पाहणाऱ्या आपल्याच वृद्ध आईला.

तथापि सारा दोष प्रवाशाच्या माथी मारणे एकांगी ठरेल. नोकरी गेलेला, परवान्याची मुदत संपलेला मजूर सात दिवसांचे भाडे कोठून देणार? जेथे खरे बोलण्याची किंमत माणसाच्या ऐपतीबाहेर जाते, तेथे खोटे बोलणे वाढते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या झडत्यांच्या धास्तीने लोकांनी घरातले रोगी लपविले, हा इतिहास फार जुना नाही. म्हणून प्रवाशाने सत्य सांगावे हे जसे त्याचे कर्तव्य, तसेच सत्य सांगणारा देशोधडीला लागू नये हे शासनाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. पण साथी पुन्हा येतात. दुसऱ्यांची घोषणापत्रे तपासण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या आम्हां सरकारी नोकरांना सहीचे मोल निराळे सांगायला नको. घरची ओढ आम्हांलाही आहे, किंबहुना दूर असल्याने अधिकच आहे. त्या ओढीपायी स्वतःच्या घोषणापत्रावर आम्ही काय लिहितो, त्यावर आमच्याबरोबर बसलेल्या सर्वांचा प्रवास किती निर्धोक, हे ठरणार आहे.