हात उचलला गेला

आपल्या भाषेत एक मोठे सोयीचे वाक्य आहे : ‘हात उचलला गेला.’ कुणी उचलला, ते सांगावे लागत नाही. दूध उतू जावे तसा हात आपला आपणच वर जातो आणि कुणाच्या तरी गालावर पडतो. या वाक्याच्या आडोशाला मी वीस वर्षांहून अधिक काळ सुखाने बसलो होतो. आठवीतल्या एका मुलीने तो आडोसा काढून घेतला, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून यंत्रांविषयी बोलण्याचा अधिकार मिळत नाही, हे मी जाणून आहे. पण विज्ञान प्रदर्शनासाठी या मुलीने पाण्याच्या दाबावर चालणारा हात करायला घेतला, आणि त्याच्या लाकडी पट्ट्यांना रंग देण्याच्या निमित्ताने मीही त्यात ओढला गेलो. (पाहा, पुन्हा ‘गेलो’!)

तत्त्व पास्कलचे. कोंडलेल्या पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. यावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली निघाला, आणि १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान पिचकारीने मोठी ढकलावी. मोठीचा व्यास दुप्पट असला तर जोर चौपट मिळतो, मात्र ती सरकते चौथा हिस्साच. निसर्गाचा हिशेब असा चोख असतो. वाण्याच्या वहीत तरी कधी चूकभूल होते.

बहुतेक मुले इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या नळीने जोडून अंगठ्याने ढकलतात. हिला अंगठा नको होता, पंप हवा होता. आधी तिने मोटारीच्या काचेवर पाणी उडवणारा बारा व्होल्टचा छोटा पंप आणला. कळ दाबताच हात ताठ वर गेला आणि सोडताच दमलेल्या म्हाताऱ्यासारखा खाली बसला. त्या पंपात पाणी भिरकावणारे चाक असते. ते थांबले की पाण्याला परतीची वाट मोकळीच. मग दातेरी चाकांचा पंप आला. त्याच्या फटींतूनही पाणी थोडे मागे झिरपते, पण हात बराच वेळ टिकतो. आणि मोटारीच्या तारा उलटसुलट केल्या की तेच पाणी परत ओढून घेता येते. एकेका सांध्याला एकेक पंप.

दिवाळीच्या सुट्टीआधी रंगीत तालीम झाली. हाताने मातीची पणती उचलून पाटावर ठेवायची होती. बोटे पणतीपाशी पोचली, आणि मिटतच राहिली. पणतीचे दोन तुकडे! मुले हसली. “येडा हात आहे गं तुझा!” कुणीतरी ओरडले. ती मात्र चिडली नाही. तुकडे वेचत म्हणाली, “त्याचं काय चुकलं? मी नुसतं ‘चल’ म्हटलं. कुठवर आलास, हे त्याला कुणी सांगतच नव्हतं.”

पुढचे पंधरा दिवस मी हे सांगणे पाहत होतो. तिने प्रथम सोपा उपाय केला : बोटांच्या वाटेवर एक बारकी कळ बसवली. बोट तिच्यावर आपटले की वीज बंद. हात थांबू लागला खरा, पण आपटून थांबू लागला. मग तिने सांध्यात एक गोल फिरकी बसवली, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणारी असते तसली. सांधा किती वळला ते फिरकी एका छोट्या आर्डुइनो पाटीला कळवी, आणि पाटी पंपाला हुकूम देई : अंतर फार, तर जोरात, थोडे, तर हळू. हळू म्हणजे वीज कमी करायची नाही, तर सेकंदात शेकडो वेळा चालूबंद करायची आणि चालूचा वाटा घटवायचा. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात वाटा फार घटला की मोटार नुसती गुणगुणे, फिरेना. किंचित वाढवला की झेप घेई. त्यात नळी ताणते, नळीत राहिलेला हवेचा बुडबुडा दबतो, आणि हुकूम पाण्यापर्यंत पोचेतो हात पुढे निघून गेलेला असतो. मग तो मागे येतो, पुन्हा पुढे जातो, थरथरतो.

१९४३ साली रोझेनब्लूथ, वीनर आणि बिगेलो या तिघांनी लिहिलेल्या एका निबंधात लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाची गोष्ट आहे. पाण्याचा पेला ओठांकडे नेताना त्याचा हात असाच वाढत्या हेलकाव्यांनी झुलतो आणि पाणी सांडते. त्या रुग्णाला आपण दोष देत नाही. मुलीच्या यंत्रालाही नाही. मग मला?

२००३ सालची गोष्ट. वर्गातून एका मुलाची नवी रंगपेटी नाहीशी झाली. नववीतल्या एका मुलावर माझा संशय गेला; संशयाला कारण एवढेच, की त्याच्याकडे स्वतःची पेटी कधीच नसे. तो “नाही सर” म्हणाला. दुसऱ्यांदाही “नाही सर” म्हणाला. आणि हात उचलला गेला. चौथ्या दिवशी पेटी माझ्याच कपाटात, वह्यांच्या गठ्ठ्यामागे सापडली. ज्याची होती त्याला मी ती दिली. ज्याला मारले त्याला काही बोललो नाही.

माझ्या हातात कोणती फिरकी कमी होती? डोळे होते, त्या पोराचा चेहरा मला दिसत होता; आजही दिसतो. खबर पोचत होती. ती ऐकून घ्यायची नव्हती, एवढेच.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारण्यास बंदी केली, आणि तेव्हापासून मी कुणावर हात टाकलेला नाही. पालकसभेत लोक मला शांत स्वभावाचा मास्तर म्हणतात तेव्हा मी मान खाली घालतो. तिलाही लोक विनय समजतात. वाचकहो, तुम्हीच सांगा, हा संयम, की वाटेवर बसवलेली ती बारकी कळ? कळीला मी हसत नाही. पणतीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही सारखेच. तिला फक्त फुटायचे नसते. वर्गातल्या चाळीस पोरांनाही मी का थांबतो याच्याशी कर्तव्य नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आहे. उद्या ते कलम निघाले तर माझा हात कुठे थांबेल, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता सांगायचे ते थोडेच उरले. मुलीचा पंप गळू लागला, तेव्हा ती म्हणाली, “सर, बाजारात चला. तिथल्या मोटारवाइंडिंगच्या दुकानातल्या काकांनीच मला तो दिला होता.” मी गेलो. दुकानातला माणूस चटकन उठला आणि मला स्टूल दिले. कानशिलांवर केस पिकू लागलेले, हात ग्रीसने काळे. मी ओळखले. तोच.

त्याने पंप उघडला, रबरी कडी बदलली, मुलीला समजावूनही सांगितले. फार छान समजावतो तो. ती पंप घेऊन नळावर तपासायला गेली.

“किती झाले रे?” मी विचारले.

“तुमच्याकडून काय घ्यायचं सर!”

खिशातला हात तसाच राहिला. मी म्हटले, “अरे, त्या वेळी रंगपेटी माझ्याच कपाटात निघाली. तू घेतली नव्हतीस. मी तुला मारलं.”

तो जुनी कडी चिमटीत धरून पाहत होता. मान वर न करता म्हणाला, “कुठली पेटी, सर?”

नळावरून मुलीने हाक मारली, पंप गळत नव्हता. तो तिकडे गेला.