आतली माया

शिवणकामात टिपेच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला 'माया' म्हणतात. हा शब्द मला शाळेतल्या गृहशास्त्राच्या बाईंनी दिला. आठवीत त्यांनी फळ्यावर झबल्याची आकृती काढली आणि तिच्या बाहेरून आणखी एक रेघ मारली. "आतली रेघ अंगाच्या मापाची, बाहेरची मायेची. कात्री बाहेरच्या रेघेवरून चालवायची." तरी निम्म्या वर्गाने आतल्या रेघेवरूनच कापलं, त्यात मीही होते. शिवून झालेलं माझं झबलं बाहुलीच्याही अंगात जाईना. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ते उसवायला लावलं आणि दुसरा मांजरपाट दिला. तोही आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणायचा, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. कापडाला आधी आटू द्यावं, मग त्याचं माप घ्यावं, हा त्यांचा नेम होता.

माया सरसकट सारखी नसते, हे शिकायला मला वर्ष लागलं. बगलेखालच्या उभ्या शिवणीला इंचभर, कधी दीड इंचही चालते, कारण अंग भरतं ते तिथे. मुंड्याच्या गोलाईला मात्र बोटभरही जास्त होते. तिथे माया थोडीच ठेवून तिला बारीक कात्रे द्यावे लागतात, नाहीतर शिवण ओढते आणि बाही चुरगळते. बाई माझा हात धरून ते कात्रे द्यायला शिकवत. कात्रीचं टोक टिपेच्या अलीकडे सुताएवढ्या अंतरावर थांबलं पाहिजे. टीप तुटली की सगळंच गेलं.

जूनमध्ये शाळा उघडली की बाई मधल्या सुट्टीत खिडकीशी बसत, ब्लेडने गणवेशांच्या दुमडी उसवत. घराघरांत एक गणवेश तीन वर्षं चालवायचा असे. माझा पिनोफ्रॉक लांब केला, तेव्हा खाली चार बोटं गडद निळी पट्टी निघाली. वरचं कापड उन्हाने आणि धुण्याने पार विटलेलं. मला रडू आलं. गरिबी मोजायला आता पट्टीच मिळाली, असं काहीसं वाटलं असावं. बाईंनी जुन्या दुमडीच्या रेघेवर पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाक्याची एक ओळ घालून दिली. आठवडाभरात वर्गातल्या दोघीतिघी तशीच ओळ मागायला त्यांच्याकडे गेल्या.

मुलींना शिवण शिकवणं म्हणजे त्यांना चुलीशी बांधणं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. मुलांना तो तास नव्हता, ही चूकच होती. पण पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं, तिथे शिवणाचे वर्ग चालले, ते बायकांना आपल्या पायावर उभं राहता यावं म्हणूनच. पुढे गावोगावी किती विधवांनी, टाकलेल्या बायकांनी एका पायमशीनवर मुलांची शिक्षणं केली! आमच्या बाईंनी शिकवलेल्या मुलींत अशा कितीजणी निघाल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. बाई त्यांना मापं लिहायला वही देत आणि बजावत, "गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड चिंधीसकट परत करायचं."

आता तयार कपडे उलटे करून पाहिले की वाईट वाटतं. इंटरलॉकचं मशीन कडेचं कापड कापतच पुढे जातं. हजारो नगांत प्रत्येकी अर्धा इंच वाचला की कारखान्याचं कापड वाचतं, हे खरं. पण अंग थोडं भरलं की तो कपडा टाकूनच द्यावा लागतो. त्यात धरायला जागाच नसते.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी माझा लग्नातला ब्लाऊज घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनीच तो शिवला होता. त्या ऐंशीच्या पुढच्या. सुईत दोरा मी ओवून दिला. त्यांनी बगलेची शिवण बोटांनी चाचपली, एक टाका सोडून एक कापला आणि धागा अलगद ओढून घेतला. बाहेरचं रेशीम फिकट पडलं होतं. आत मात्र दोन्ही बाजूंना अंजिरी रंग पहिल्या दिवसाइतका दाट होता. जुन्या टिपेची भोकं रेशमावर ओळीने दिसत होती, ती त्यांनी नखाने हलकेच घासली.

"बाई, सगळीच सोडा ना आता," मी म्हटलं.

"सगळी कशी सोडू गं?" त्या म्हणाल्या. लागेल तेवढंच कापड त्यांनी बाहेर काढलं, अर्धा इंच आत तसाच ठेवला आणि मशीनचं चाक हाताने फिरवलं.