मेल्यावरचं पदक

शेजारच्या साच्यावरचा दोस्त म्हणाला, 'मेलेल्याला पदक देऊन काय उपयोग? ते काय चाटायचं?' बोलणं हेन्री जॉन्सनवरून निघालं होतं.

जॉन्सन अमेरिकेतला काळा माणूस, ऑल्बनी स्टेशनातला हमाल. मे 1918 ला फ्रान्सच्या आघाडीवर रात्री जर्मन तुकडी चालून आली. बंदूक अडली तेव्हा हा गडी सुऱ्याने लढला. अंगावर 21 जखमा. फ्रान्सने पदक दिलं, स्वतःच्या देशाने काही नाही. 1929 ला मेला. जखमी शिपायाचं पदक 1996 ला, सर्वोच्च पदक 2015 ला.

रेकॉर्ड दुरुस्त झालं म्हणे! हा 'दुरुस्त' शब्दच मला खटकतो. दुसऱ्या महायुद्धात लाखो काळे फौजेत होते. सर्वोच्च पदक एकालाही नाही. 1997 ला सात जणांना दिलं, त्यात जिवंत एकटा व्हर्नन बेकर. एवढी चूक कारकुनाचा हात थरथरून होत नाही. समाज होता तसाच कागद लिहिला गेला.

मग अर्ज करायचा का? इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा 1894 ला गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिलाच ना? त्याला मी भीक म्हणत नाही. कोरेगावच्या खांबावर 'नाक' लागलेली नावं कोरलीत, म्हणून 1818 च्या लढाईत 'तुम्ही नव्हताच' असं कुणाला म्हणता येत नाही. कागद मेलेल्यासाठी नसतोच. तो जिवंतांच्या भांडणात लागतो.

फक्त आभार मानायचे नाहीत. देणं होतं, तेही बिनव्याजी फेडलं.

दोस्ताला हे अजून पटलेलं नाही. पाळी सुटली की पुन्हा भांडू.