आधी श्वास, मग न्याय

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०१५ मध्ये शाळेतील परिचारिकांना नॅलोक्सोन हे औषध रुग्णाला देण्याची कायदेशीर मुभा दिली. अफूवर्गीय औषधाची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो आणि काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नॅलोक्सोन त्या अफूवर्गीय औषधाचा अंमल उतरवते. अंगात असे औषधच नसेल, तर सहसा अपायही करत नाही. तरीही आक्षेप येतो: यामुळे कर्माचे फळ टळते, व्यसनाला अभय मिळते. फेंटानिल हे अफूवर्गीय औषध मिसळलेली बनावट गोळी साधे औषध समजून गिळणाऱ्या मुलाचे कोणते कर्म मोजायचे? आणि जाणूनबुजून घेतली असली, तरी कर्मसिद्धान्त शेजारी उभ्या असलेल्यालाही लागू आहेच. आखडता घेतलेला हात हे त्याचे कर्म. पश्चात्ताप करायलाही माणूस जिवंत लागतो.